सहा गोळ्या, एक टिळा

मी काय काम करत होते हे ऐकलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "बायकांना पिस्तूल? कशाला?" माझ्या आत्याने हा प्रश्न आमच्या तंजावूरच्या मराठीत विचारला होता, "कसाला गे हे तुला?" मी भरती झाले त्या दिवशी विचारला आणि निवृत्त झाले त्या दिवशीही विचारला. मधल्या सगळ्या वर्षांत तिला पटेल असं उत्तर मला देता आलं नाही. आता ती नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मी पोलिसात हवालदार होते. तमिळमध्ये हवालदाराला एट्टय्या म्हणतात. मी बाई, म्हणून एट्टम्मा. नव्वदच्या सुमाराला आमच्याकडे फक्त बायकांची अशी पोलीस ठाणी निघाली. फीत कापली, नारळ फोडला, ठाण्याला टेबलं आली, खुर्च्या आल्या, पाण्याचा माठ आला आणि कपाटात कुलूप लावून रिव्हॉल्व्हरही आली. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की ही चालवणार कोण? मी तरुणपणी गोळीबाराचं शिक्षण घेतलं होतं, आणि तेही अशा वेळी की जेव्हा जिल्ह्यातून दुसऱ्या कोणाला जायचं नव्हतं. तेवढ्यावरून मला शहराबाहेरच्या रेंजवर बसवलं. रेंज म्हणजे गोळीबाराचं मैदान. एका टोकाला मातीचा उंच बांध, दुसऱ्या टोकाला पत्र्याची शेड, आणि मध्ये कोणाच्या तरी शेळ्या.

आणखी एक सांगून टाकते. आमच्या घरांत मराठी बोलतात, पण देवनागरी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. माझी सून कोल्हापूरची. तिने हे लिखाण सरळ केलं आहे. काही ठिकाणी तिने माझा रागही सरळ केला होता, तो मी परत वाकडा केला. रेंजवरचं बोलणं सगळं तमिळमध्येच चालायचं, ते इथे मराठीत लिहिलं आहे.

आता थोडं धंद्याचं. लोकांना वाटतं की नेम म्हणजे डोळा. डोळ्याचं काम त्यात फार थोडं असतं. रिव्हॉल्व्हरच्या नळीच्या टोकावर एक छोटा उंचवटा असतो, त्याला फोरसाइट म्हणतात. मागे एक खाच असते. खाचेत उंचवटा मधोमध बसवायचा, दोघांचे माथे एका पातळीत आणायचे आणि मग चाप इतका हळू ओढायचा की बार कधी उडाला ते आपलं आपल्यालाच कळू नये. संपलं. यात बळ लागत नाही, शौर्य तर मुळीच लागत नाही. बार उडणार म्हणून हात आधीच दचकतो, तेवढं थांबवायचं असतं. ते थांबवायला कोणाला महिना लागतो, कोणाला जन्म पुरत नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी सांगून सांगून माझा घसा बसला. एका गोळीवरून काही कळत नाही. सहा गोळ्या झाडायच्या आणि मग कागद बघायचा. भोकं सगळीकडे विखुरलेली असली तर चूक हाताची. भोकं तळहाताएवढ्या जागेत एकत्र, पण मधल्या वर्तुळाच्या बाहेर पडली असली तर हात चोख आहे, चूक दुसरीकडे शोधा. बंदुकीत शोधा, नेमात शोधा, वाऱ्यात शोधा, पण हाताला बोलू नका. विखुरलेल्यांतून एखादी मधोमध बसली म्हणून खूश होणाऱ्याला मी दारात उभं करत नसे.

हे एवढं सोपं. पण माझ्याकडे आलेल्या बायका काय करायच्या? गोळी सुटायची आणि कागदाकडे बघायच्या आधी तोंडातून निघायचं, "तप्पु माझा, अम्मा." तप्पु म्हणजे चूक. गोळी मधोमध गेली तरी तप्पु माझा. काडतूस ओलं निघालं, उडालंच नाही, तरी तप्पु माझा. एकदा शेळी मध्ये आली म्हणून मी गोळीबार थांबवला, तर रांगेतली एक म्हणाली, "सॉरी अम्मा." मी म्हटलं, "शेळी तुझी आहे का?" ती म्हणाली, "नाही अम्मा." "मग?" तर परत, "सॉरी अम्मा."

शेजारच्या शेडमध्ये पुरुषांचा वर्ग. तिथे उलट. तिथे गोळी बांध सोडून नारळीत गेली तरी शिपाई बंदुकीकडे असा बघायचा की जणू तिने त्याचा विश्वासघात केला. "सार, हत्यार बरोबर नाही." सार म्हणजे सर. इतक्या वर्षांत त्या शेडमधून "माझं चुकलं" हे मी ऐकलं नाही. आणि माझ्या शेडमधून "हत्यार बरोबर नाही" हे ऐकलं नाही. दोघांची अर्धी अर्धी तोंडं एकमेकांना देता आली असती तर जिल्ह्याचा नेम सुधारला असता.

पोलीस नसलेल्याही यायच्या. ओरत्तनाडुचे एक भातगिरणीवाले होते. त्या वर्षांत आमच्याकडे गल्लोगल्ली फायनान्स कंपन्या उघडल्या होत्या. ज्याच्याकडे टेबल आणि काचेचं दार, तो पैसे घ्यायला बसत होता. या गृहस्थांनीही गिरणीच्या पुढच्या खोलीत एक कंपनी काढली, आणि काढल्यावर त्यांची झोप उडाली. परवान्याचं रिव्हॉल्व्हर घेतलं आणि वरून परवानगी आणून बायकोला माझ्याकडे शिकायला पाठवलं. पाठवलं म्हणजे स्वतः घेऊन आले आणि तिच्या खांद्यामागे उभे राहिले. त्यांनी जन्मात गोळी झाडलेली नव्हती, पण सूचना चालू. "खांदा वर. कोपर खाली. श्वास घे. आता नको घेऊ." त्या बाई बिचाऱ्या श्वास घ्यायचा की नाही यातच अडकल्या. माझं डोकं उठलं. मी त्यांना म्हटलं, "सार, बाहेरच्या टपरीवर कॉफी चांगली मिळते, तेवढी घेऊन या." ते गेले. बाईंनी निवांत सहा गोळ्या झाडल्या, सगळ्या एकत्र, वर्तुळाला लागून. ते कॉफी घेऊन परत आले, कागद बघितला आणि म्हणाले, "बघितलंत ना, मी सांगितलं तसं केलं की बरोबर जातं."

राहुकाळाचं तर विचारू नका. आमच्याकडे राहुकाळात कोणी काही सुरू करत नाही. दुकान उघडत नाही, मुलगी बघायला जात नाही, आणि माझ्या वर्गातल्या बायका पहिली गोळी झाडत नाहीत. वेळापत्रक वरून यायचं आणि ज्याने ते बनवलं त्याला पंचांगाचं वावडं असावं. बायका हत्यार हातात घेऊन नुसत्या उभ्या. मी ओरडले, "चोर राहुकाळ बघून येतो का?" एक जण शांतपणे म्हणाली, "चोरही बघूनच निघतो अम्मा." शेवटी मी तोडगा काढला. राहुकाळ लागायच्या आत मी स्वतः एक गोळी बांधात झाडत असे. म्हणजे सुरुवात झालेली असे, पुढचं नुसतं चालू ठेवायचं. सरकारी काडतूस रोज एक वाया. हिशेबात मी ते ‘हत्यार चाचणी’ म्हणून दाखवत असे आणि ते खोटंही नव्हतं.

एकदा एका वर्तमानपत्रातून एक पोरगा आला. त्याने लिहिलं की ज्या हातांनी अंगणात कोलम, म्हणजे रांगोळ्या, काढले, त्याच हातांनी आता नेम साधला. फोटोसाठी त्याने एकीला केसांत मोगरा माळायला लावला. अहो, कानांत कापूस कोंबून वरून रुमाल बांधलेल्या बाईला मोगरा! त्या बातमीनंतर तीन महिने जो येईल तो अधिकारी मला कोलमचं विचारत होता. मला कोलम नीट येत नाही. माझ्या वर्गातली सर्वांत चांगली नेमबाज पूंगोडी, तिला तर मुळीच येत नव्हता.

पूंगोडी पापनाशमची. शिपाई. अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक. नवरा नव्हता, लहान मुलगी होती, ती पापनाशमला आजीकडे. ही रोज तिथून बसने यायची. पण बंदोबस्त निघाला की आठ-आठ दिवस गाव सुटायचं. जत्रा, निवडणूक, मंत्री, कावेरीच्या पाण्याचं भांडण, काहीही निघालं की पहिली गाडीत बसवायची ती पूंगोडीला, कारण ती नाही म्हणत नसे. वर्गात ती पहिल्या दिवशी आली तेव्हा बार उडाल्यावर हत्याराचीच माफी मागावी तशी त्याच्याकडे बघत होती. पण हात! तिचा हात दचकत नसे. का ते मला सांगता येणार नाही. मी तिला कधी ते शिकवलं नाही. मी तिच्याशी तीन वर्षं भांडले ते फक्त तिच्या तोंडाशी. "कागद बघ आणि मग बोल." "होय अम्मा." पुढची गोळी, "तप्पु माझा अम्मा." मी कपाळाला हात लावायचे.

पुढे मला बढती मिळाली आणि रेंज सोडून ठाण्यावर जाण्याचा हुकूम आला. माझ्या जागी बाई हवी असेल तर तिने आधी परीक्षा द्यायची, ठरलेले गुण मिळवायचे, मग तिला मोठ्या शहरात शिक्षकांच्या अभ्यासक्रमाला पाठवणार. कोणी पास झाली नाही तर बायकांचा वर्ग शेजारच्या शेडमध्ये मिसळून टाकायचा, असं वरून तोंडी सांगितलेलं. मी एकच नाव दिलं. पूंगोडीला ती जागा वर्गासाठी हवी होती की नाही मला माहीत नाही. तिला ती हवी होती कारण रेंजवरचा शिक्षक बंदोबस्ताला जात नाही. सकाळी येतो, संध्याकाळी घरी जातो. तिची मुलगी तेव्हा शाळेत जायला लागली होती आणि आईला ओळखीच्या पाहुण्यासारखी वागवत होती. हे तिनेच मला सांगितलं, हसत सांगितलं, आणि मग रडली.

परीक्षा आयुधपूजेनंतर पाचसहा दिवसांनी होती. आयुधपूजा म्हणजे नवरात्रातला शेवटचा मोठा दिवस. आमच्याकडे त्या दिवशी लेथपासून सायकलीपर्यंत सगळ्यांना चंदन-कुंकू लागतं. बसला लागतं, टाइपरायटरला लागतं, तर शस्त्रागाराला लागणारच. आमच्या शस्त्रागाराची जबाबदारी आरोग्यसामी यांच्याकडे. हे आर्मरर, म्हणजे हत्यारांची दुरुस्ती आणि देखभाल करणारे. ख्रिश्चन माणूस. त्या दिवशी ते हत्यारं टेबलावर ओळीने मांडून ठेवायचे, किल्ली बायकांकडे द्यायचे आणि स्वतः बाहेर बाकावर बसायचे. पूजा झाली की आत येऊन प्रसादाचा पोंगल, म्हणजे गुळाचा भात, खायचे, मग दुसऱ्या दिवशी एकेक हत्यार पुसून तेल लावून जागेवर ठेवायचे. असं वर्षानुवर्षं चाललेलं. पूजेची तयारी बायकांकडे का, हे मी एकदा विचारलं होतं. "बायकांचं काम," असं उत्तर आलं. म्हणजे रिव्हॉल्व्हर चालवायला बाई नको, तिला हळदकुंकू लावायला हवी. असो.

परीक्षेच्या दिवशी सकाळी डीएसपी साहेब आले. नवे होते. तापट, पण नियमाचे पक्के. आरोग्यसामींनी नेहमीप्रमाणे प्रत्येक हत्याराचा फोरसाइट कापूर पेटवून त्याच्या काजळीने काळा केला. उन्हात तो चमकला की नेम चुकतो, म्हणून सगळेच नेमबाज असं करतात. पूंगोडीने तिचं नेहमीचंच रिव्हॉल्व्हर घेतलं. पूजेनंतर बंदोबस्तामुळे सराव बंद होता, त्यामुळे ते तिच्या हातात त्या दिवशीच आलं. जुनं होतं, मूठ झिजलेली, पण तिचा हात त्याला सरावलेला. मी मागे, खुर्च्यांच्या रांगेत. परीक्षेत शिकवणाऱ्याने तोंड उघडायचं नाही असा नियम आहे. माझ्यासारखीला याहून मोठी शिक्षा नाही.

तिने सहा गोळ्या झाडल्या. मी हात बघत होते. एकदाही दचकला नाही. मला वाटलं, झालं काम. शिपाई कागद काढून घेऊन आला. मधल्या वर्तुळात एकही भोक नव्हतं. सगळी खाली, वर्तुळाच्या पार बाहेर, कागदावर छापलेल्या माणसाच्या आकृतीच्या बेंबीखाली. तळहाताएवढ्या जागेत सहाच्या सहा.

खुर्च्यांमधून कोणीतरी हसलं. डीएसपी म्हणाले, "शून्य," आणि पेन उघडलं.

कागद ओरडून सांगत होता की हात चोख आहे. पण ते सांगायचं तिने. मला तोंड नव्हतं, आणि तिच्या तोंडातून काय निघतं ते मला तीन वर्षं पाठ होतं. तिने ओठ उघडले तेव्हा मी डोळेच मिटले.

"सार," पूंगोडी म्हणाली, "हत्यार बरोबर नाही."

डीएसपी हसले. "पुरुषांच्या शेडमध्ये शिकलीस का?"

"नाही सार. कागद बघा. सहा एका जागी आहेत. माझा हात हलला असता तर विखुरल्या असत्या. मी मधोमध धरलं होतं. ते खाली मारतंय." आवाज बारीकच होता. हात मात्र पाठीमागे एकमेकांत घट्ट धरलेले.

नियम असा होता की उमेदवाराने हत्यारावर हरकत घेतली तर ते तपासायचं, आणि दोष निघाला तर पुन्हा संधी द्यायची. डीएसपींनी आरोग्यसामींना बोलावलं. त्यांनी रिव्हॉल्व्हर रिकामं आहे हे बघितलं, नळी बघितली, खाच बघितली आणि फोरसाइटवर नख फिरवलं. काजळी निघाली. खालून पिवळं काहीतरी निघालं. त्यांनी आणखी खरवडलं आणि एक कडक खपली टेबलावर पडली. चंदन. मध्ये कुंकवाचा लाल ठिपका. वाळून दगड झालेला. पुसताना नळीवरचं निघालं होतं, टोकावरचं राहून गेलं होतं, आणि वरून काजळी बसल्यावर ते कोणाला दिसणार? उंचवटा तेवढा उंच झाला. उंचवटा उंच झाला की त्याचा माथा खाचेच्या पातळीत आणायला नळी खाली जाते, आणि गोळ्याही खाली जातात. सगळ्या, आणि एकाच जागी.

मला इतकं हसू आलं की मी पदर तोंडात कोंबला. पण डीएसपींना हसू आलं नाही. ते आरोग्यसामींवर उखडले. "परीक्षेच्या हत्यारावर माती? हे आर्मररचं काम? तुम्हाला मेमो देतो." मेमो म्हणजे लेखी आरोप. तो लागला की चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत सगळं अडतं. आरोग्यसामी येत्या पोंगलच्या सणानंतर, म्हणजे संक्रांतीनंतर, निवृत्त होणार होते. पूजेच्या दिवशी किल्ली कोणाकडे होती हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. ते पाठ ताठ करून उभे राहिले आणि समोरच्या बांधाकडे बघत राहिले.

मी पूंगोडीकडे बघितलं आणि डोळे वटारले. गप्प बस. कळलं तिला. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग साहेबांकडे वळली.

"सार, तो टिळा मी लावला."

"काय?"

"पूजेच्या दिवशी. बाकीच्यांनी मुठीला लावला. मला वाटलं, टिळा कपाळाला लावतात. याचं कपाळ म्हणजे टोक. हे मी रोज वापरते सार, म्हणून याला नीट लावला."

आता मात्र सगळ्या खुर्च्या हसल्या. डीएसपी म्हणाले, "म्हणजे हत्याराची चूक तुझीच."

"चंदनाची चूक माझी सार," ती म्हणाली. "नेमाची नाही."

मी हे जसंच्या तसं लिहिते आहे. तीन वर्षं मी या बाईला दोन चुका वेगळ्या मोजायला शिकवत होते आणि ती शिकली, तीही नेमकी अशा वेळी. त्या क्षणी मला तिचा इतका अभिमान वाटला की उठून तिला मिठी मारावी, आणि इतका राग आला की त्याच मिठीत तिचा गळा दाबावा.

डीएसपी नियमाचे पक्के होते हे मी आधी लिहिलं. त्यांनी दोन्ही नियम पाळले. हत्यारात दोष होता, म्हणून तिला पुन्हा संधी दिली. ती साफ केलेल्या रिव्हॉल्व्हरने परत उभी राहिली आणि सहाच्या सहा गोळ्या मधल्या वर्तुळात घातल्या. त्या दिवशी दोन्ही शेडमध्ये तसा कागद कोणाचा नव्हता. साहेबांनी गुण लिहिले, सही केली. मग दुसरा कागद मागवला आणि आरोग्यसामींच्या नावाचा मेमो तिच्या नावाने लिहिला. सरकारी हत्याराशी निष्काळजीपणा. आणि ज्याच्यावर मेमो चालू आहे त्याला अभ्यासक्रमाला पाठवता येत नाही, हा तिसरा नियम. तोही त्यांनी पाळला. जाताना मला म्हणाले, "चांगली नेमबाज आहे. पुढच्या वेळी बघू."

बाहेरच्या टपरीवर मी तिला बसवलं आणि तोंडसुख घेतलं. "कोणी विचारलं होतं तुला? साहेबांनी तुझं नाव घेतलं होतं? आरोग्यसामी गप्प होते, मी गप्प होते, तो चंदनाचा तुकडाही गप्प होता. तूच कशाला बोललीस? तुझ्या मुलीला काय सांगणार आता?"

ती कॉफीचा टंबलर दोन्ही हातांत धरून बसली होती. रडत नव्हती. म्हणाली, "अम्मा, त्यांचा देव वेगळा. तरी आमच्या पूजेसाठी ते दरवर्षी खोली उघडून देतात आणि स्वतः उन्हात बाकावर बसतात. त्यांची पेन्शन अडकली असती. त्यांच्याच हातचं हत्यार घेऊन मी रोज बायकांसमोर उभी राहिले असते. माझा हात हलला नसता का?"

मी तिला वडा खा म्हटलं, गार होत होता.

पुढचं थोडक्यात. तिच्या मेमोचा निकाल दोन वर्षांनी लागला. ‘ताकीद देऊन सोडले,’ बस. तोपर्यंत अभ्यासक्रमासाठीची वयाची मर्यादा तिने ओलांडली होती. मी अर्ज केले, साहेबांना भेटले, ओरडले, एकदा तर रडलेही. नियम. बायकांचा वर्ग शेजारच्या शेडमध्ये मिसळला. तिथले शिक्षक माणूस म्हणून वाईट नव्हते, पण बाई चुकली की हसायचे. मग हळूहळू बायका यायच्या बंद झाल्या. ठाण्यांतली रिव्हॉल्व्हर कपाटांतच राहिली. दर आयुधपूजेला बाहेर यायची, कुंकू लावून घ्यायची आणि परत आत जायची.

पूंगोडी बंदोबस्तावर गावोगाव फिरत राहिली. मुलगी आजीकडेच वाढली, शिकली, चांगली निघाली. पण सुट्टीत आई घरी आली की अजून अंग चोरून बसते, असं पूंगोडी सांगते. आरोग्यसामी वेळेवर निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाला सगळी रेंज जमली होती. त्यांनी दोनदा दाराकडे बघितलं. पूंगोडी आली नाही. तिला आदल्याच दिवशी कुठल्याशा जत्रेच्या बंदोबस्ताला पाठवलं होतं, आणि ती नाही म्हणाली नव्हती.

लोक विचारतात, इतक्या बायकांना शिकवलंत, सर्वांत चांगली कोण? मी तिचं नाव सांगते, आणि नाव घेताच माझं डोकं फिरतं. मी अजून तिच्यावर चिडलेली आहे. तिच्यासारखी दुसरी मला मिळाली नाही, म्हणून जास्तच.